केसर मॅडम, आधी तुम्ही हसा

पत्र

नमस्कार,

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. उद्यानविद्येत एम.एस्सी. करून, स्पर्धा परीक्षा देऊन गेल्या वर्षी देवगड तालुक्यात मंडळ कृषी अधिकारी म्हणून रुजू झाले. वय २९.

दसऱ्यानंतर एका गावात आंब्याची शेतीशाळा होती. बागायतदार, सरपंच, औषध दुकानदार, आमचे कृषी सहायक, सगळ्यांनी हॉल भरलेला. विषय फुलकिड्यांचा, म्हणजे कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर पडणाऱ्या बारीक किडीचा. प्रोजेक्टरवर पहिलंच चित्र आलं. खाली ‘हापूस’ लिहिलेलं आणि वर आंबा केसर. मागून एक आजोबा म्हणाले, “ओ मॅडम, हो हापूस नाय, हो केसर!” सगळे हसले. मला दरदरून घाम फुटला. मी म्हणाले, “ही फाइल सहायकांनी केली आहे, मी बघितलेली नाही. आणि विषय गंभीर आहे, हसू नका.” खरं सांगते, तो फोटो आदल्या रात्री घाईघाईत मीच नेटवरून उतरवून घेतला होता.

तेव्हापासून माझ्या माघारी माझं नाव ‘केसर मॅडम’. सहायक वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत, याच तालुक्यातले. ते आता कामापुरतं बोलतात. बागेत गेलं की लोक ‘होय मॅडम’, ‘बरं मॅडम’ म्हणतात आणि गप्प होतात. एक दुकानदार तर ‘केसर मॅडमला हापूसमधलं काय कळतंय’ असं गिऱ्हाइकांना सांगतो, हे कानावर आलं. मैत्रीण म्हणते, स्वतःवर हसायला शिक. मला वाटतं, मी बाई, बाहेरची, वयाने लहान. मीच माझ्यावर हसले तर माझं ऐकणार कोण? पहिल्या फवारणीच्या आधी त्याच गावात पुन्हा बैठक आहे. काय करू?

एक अधिकारी, देवगड

उत्तर

ताई,

मैत्रिणीचा सल्ला योग्य आहे. तुमची भीतीही खोटी नाही, तिच्याकडे येतेच. पण आधी त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं ते नीट बघू. तुम्ही ते हसणं जसं ऐकलंत तसं ते नव्हतं, असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतं.

केसरचं अंग लांबट आणि टोक चोचीसारखं वळलेलं. हापूसचा खांदा भरलेला, टोकाला चोच नाही. देवगडात पेटी भरायला बसणाऱ्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. त्यातून दुसऱ्याच आंब्याला हापूस म्हणणं ही इथली दुखरी जागा आहे. बाहेरचा आंबा ‘देवगड हापूस’ छापलेल्या खोक्यात घालून विकला जातो, ही इथल्या बागायतदाराची वर्षानुवर्षांची तक्रार. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, सिंधुदुर्ग ते पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी, तेव्हा त्या नावाला कायद्याचा आधार मिळाला. इतकं ज्या नावाला जपलं, ते कृषी खात्याच्या पडद्यावर केसरच्या फोटोखाली छापून आलं. लोक चिडू शकले असते, उठून जाऊ शकले असते. ते हसले. आणि एका म्हाताऱ्या माणसाने ‘ओ मॅडम’ अशी हाक मारून चूक तोंडावर सांगितली. इथे परक्या माणसाची चूक कोणी तोंडावर सांगत नाही. त्याच्यासमोर मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर बोलतात. त्या क्षणी त्यांनी तुम्हाला आपल्यात धरलं होतं.

मग तुमचं ते वाक्य आलं.

फोटोने तुमचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. ‘ही फाइल सहायकांनी केली आहे’ याने बिघडवलं. ज्यांचं उभं आयुष्य या बागांमध्ये गेलं, त्या माणसाला हापूस आणि केसर यातला फरक कळत नाही, असं तुम्ही त्यांच्याच गाववाल्यांसमोर सांगितलंत. लोकांना ते क्षणभरही पटलं नसणार. म्हणजे तुम्ही खरं बोलला नाहीत, हे तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं आणि कोणीच काही म्हणालं नाही. आता बागेत जे ‘होय मॅडम, बरं मॅडम’ ऐकू येतं, ते त्या वाक्याला मिळालेलं उत्तर आहे. तुम्ही फोटोला दोष देत बसलात तर चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती कराल.

हे वाचताना तुम्हाला लागेल, मला कल्पना आहे. पण फोटो मीच घेतला होता, हे तुम्ही कोणी न विचारता पत्रात लिहिलंत. ज्याला चूक झाकायचीच असते तो हे वाक्य लिहीत नाही. म्हणून मी तुमच्याशी स्पष्ट बोलते आहे.

तर पहिलं काम सहायकांचं. बैठकीच्या आधी, ते एकटे असताना त्यांच्याशी बोला. तिथे विनोद अजिबात नको. “त्या दिवशी फोटो मी घेतला होता आणि नाव तुमचं पुढे केलं. माझं चुकलं. बैठकीत हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.” इतकंच. ‘मनावर घेऊ नका’ म्हणू नका, ‘गडबडीत झालं’ म्हणू नका. ज्याला लागलं आहे त्याच्यासमोर आपण हसून मोकळं व्हायला गेलो, तर त्यालाही हसावं लागतं, आणि त्याच्या मनातलं तसंच राहतं. स्वतःवर हसण्याचा लोक सर्रास जो गैरवापर करतात तो हाच: माफी मागायच्या जागी विनोद करून सुटायचं. ते बहुधा ‘असूंदे मॅडम’ म्हणतील आणि कामाला लागतील. वडिलांच्या वयाच्या माणसाने लगेच मन मोकळं करावं ही अपेक्षा ठेवू नका. पुढचे काही महिने बागेत फिरताना त्यांचा शब्द चारचौघांत उचलून धरत राहा.

आता हसण्याकडे येऊ.

अधिकाऱ्याने लोकांना हसवलं पाहिजे असं काही नाही. कोणाकोणाला ते जमतच नाही आणि त्यावाचून काही अडत नाही. माझ्या लेखी स्वतःवर हसणं म्हणजे चूक झटकन, हलक्या हाताने, स्वतःच्या नावावर मांडणं, म्हणजे ती दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन पडत नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणाला असतात, “अगं बाई! लातूरची मी, आंबा म्हटलं की डोळ्यांसमोर केसरच येतो. आजोबा, बरं झालं सांगितलंत. आता खऱ्या हापूसवरचे फुलकिडे बघू,” तर विषय दहा सेकंदांत संपला असता. यात तुम्ही स्वतःला कुठेही कमी लेखत नाही. केसर मराठवाड्याच्या मातीत रुजलेला, तिथल्या शेतकऱ्यांनी मोठा केलेला आंबा आहे, आणि तुम्ही त्या भागातून आलात. चूक कबूल झाली, सांगणाऱ्याचा मान राखला गेला, आणि तुम्ही आंब्याचीच माणूस आहात हेही लोकांना कळलं.

याचं मोल तुमच्या कामात किती आहे, ते जरा सविस्तर सांगते. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

तुमच्याकडे पदवी आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे, खात्याच्या योजना आहेत. पण एखाद्या बागेत फुलकिडे आटोक्यात का येत नाहीत, याचं उत्तर यातल्या कशातच सापडत नाही. ते त्या बागायतदाराच्या पोटात असतं. त्याने एकाच गटातलं औषध मागच्या तीन वेळा मारलं असेल. दुकानदाराने सांगितलं म्हणून तीन औषधं एकाच पंपात मिसळली असतील. माप हरवलं म्हणून बाटलीच्या झाकणाने मोजलं असेल, आणि ‘जरा जास्तच बरं’ म्हणून झाकण शिगोशीग भरलं असेल. पूर्ण फुललेल्या मोहोरावर फवारून परागीकरण करणाऱ्या माश्याच मारल्या असतील. हे सगळं त्याला ठाऊक असतं. आपण चुकलो असू, अशी शंकाही त्याला असते. म्हणूनच तो ते सांगत नाही. निर्यातीसाठी मँगोनेट या सरकारी नोंदणी प्रणालीत नोंदवलेल्या बागेची फवारणीची नोंदवही बघा. कधी कधी सगळ्या हंगामाच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेल्या दिसतील. त्या वहीवर भरवसा ठेवून तुम्ही सल्ला दिलात तर तोही चुकणार, आणि फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या तपासणीत माल अडकला तर नुकसान त्याच्या घरात.

आता त्याच्या जागी उभं राहून विचार करा. ज्या मॅडमनी फोटोची चूक सहायकांवर ढकलली आणि ‘हसू नका’ म्हटलं, त्यांना मी ‘दुप्पट औषध मारलं’ हे का सांगू? एका फोटोसाठी त्यांना इतका घाम फुटतो, तर माझ्या चुकीवर त्या काय म्हणतील? उलट ज्या बाईने आपली चूक सगळ्यांसमोर हसत मान्य केली, तिच्याजवळ आपलं पाप बोलून दाखवायला जीभ अडखळत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. रुग्णालयातल्या वेगवेगळ्या गटांमध्ये औषधं देण्यात किती चुका होतात, हे त्या तपासत होत्या. चांगल्या चालणाऱ्या गटात चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले. जिथे प्रमुख चांगला, माणसं एकमेकांना धरून, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त. नीट पाहिल्यावर उलगडा झाला की तिथे चुका बोलून दाखवायची भीती नव्हती, म्हणून त्या कागदावर आल्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. रुग्णालयातल्या वॉर्डाची गोष्ट आंब्याच्या बागेला जशीच्या तशी लागू होत नाही, हे खरं. पण औषधाचं माप आणि माणसाची भीती या दोन गोष्टी दोन्हीकडे आहेत.

आता तुमच्या भीतीबद्दल. ‘मीच हसले तर माझं ऐकणार कोण?’

मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेतल्या उमेदवाराचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एका उमेदवाराने ९२ टक्के उत्तरं बरोबर दिली, दुसऱ्याने ३० टक्के. काही मुद्रणांत शेवटी उमेदवाराच्या हातून अंगावर कॉफी सांडते. हुशार उमेदवाराने कॉफी सांडली तेव्हा तो ऐकणाऱ्यांना आधीपेक्षा जास्त आवडला. साधारण उमेदवाराने सांडली तेव्हा तो आणखी उतरला. हा दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. चूक आणि तिच्यावरचं हसू त्यालाच शोभतं, ज्याचं काम पक्कं असल्याची लोकांना खात्री आहे. तुम्हाला देवगडात येऊन एक वर्ष झालं. ती खात्री अजून पुरती बसलेली नाही. म्हणजे हसा, पण बैठकीला जाताना फुलकिड्यांचा अभ्यास असा करून जा की कोणी कुठूनही विचारलं तरी उत्तर तयार असेल. अभ्यास कच्चा असेल तर हसण्याचा उपयोग नाही, उलट तोटा आहे.

बाई असण्याबद्दलही तुम्ही बरोबर ओळखलंत. २०१९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. एकाच मजकुराचं, त्याच विनोदांसह, एका पुरुषाने आणि एका स्त्रीने केलेलं सादरीकरण लोकांना दाखवलं. पुरुषाच्या विनोदाने त्याचं वजन वाढलं, स्त्रीच्या विनोदाने तिचं घटलं. तिचा विनोद लोकांना कामात अडथळा वाटला. ही गोष्ट अन्यायाची आहे. तुम्ही ती एका बैठकीत बदलू शकणार नाही आणि ते ओझं तुम्ही एकटीने घ्यावं असंही मी म्हणणार नाही. यातून एवढंच घ्यायचं की तुमचं हसू कामाला चिकटलेलं असावं. एक वाक्य, झालेल्या चुकीवर, आणि लगेच विषय. सुरुवातीला विनोद, मध्ये विनोद, जाताना विनोद, असा प्रकार पुरुष अधिकाऱ्याला खपून जातो. तुम्हाला तो महाग पडेल.

हे कसं करायचं, ते शिकायला तुम्हाला लांब जायची गरज नाही. आता जत्रांचे दिवस आहेत. एखाद्या रात्री दशावतार बघायला जा, तोही पुढे बसून. दशावतारी नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद तिथल्या तिथे सुचतात. तशात राजाचा मुकुट सरकला, तलवार म्यानातून निघेना झाली, तर मुरलेला नट काय करतो ते बघा. तो राजाच राहतो. राजाच्या तोरात त्यावर एक वाक्य टाकतो, लोक टाळ्या देतात, आणि युद्ध पुढे सुरू होतं. तो मुकुट काढून, ‘माफ करा, मी साधा माणूस’ असं म्हणत बसत नाही. पेटाऱ्यावाल्याला तर मुळीच ओरडत नाही. तुम्हीही हसताना अधिकारीच राहायचं आहे. ज्या लोकांनी लहानपणापासून रात्र रात्र जागून हे पाहिलं आहे, त्यांना अशी सावरण्याची कला लगेच ओळखू येते आणि ते तिला मनापासून मानतात.

आता बैठकीचं. सुरुवातीलाच, स्वागत आणि सत्कार आटोपल्यावर, उभं राहून सांगा: “मागच्या वेळी हापूस म्हणून केसर दाखवला, तो मी. फोटो मी घेतला होता. सहायकांचं नाव घेतलं ते चुकीचं होतं. तुमच्यात मला केसर मॅडम म्हणतात हे माहीत आहे. लातूरच्या माणसाला ते नाव वाईट नाही!” लोक हसतील. हसू द्या, तुम्हीही हसा, घाई करून थांबवू नका. मग चूक दाखवणाऱ्या आजोबांना विचारा, नवख्या माणसाने हापूस कसा ओळखायचा? त्यांना दोन मिनिटं बोलू द्या आणि ते बोलत असताना तुम्ही ऐका. वहीत टिपून घेतलंत तर आणखी चांगलं, कारण त्यात तुमच्या कामाचं काहीतरी निघेल. त्यानंतर पालवीकडे वळा. पहिली फवारणी मोहोर येण्याआधीची आहे, तिच्यावर बोलायला वेळ हवा.

सहायकांबद्दलचं वाक्य हसत बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. तेवढ्यापुरता आवाज सरळ ठेवा. बाकीचं हसत.

कदाचित लोक पहिल्या दिवशी फारसे हसणारही नाहीत. सावधपणे बघतील. तरी चालेल. ते वाक्य त्या संध्याकाळी गावभर जाईल, त्याची काळजी तुम्हाला करायला नको.

आता मर्यादा. जिथे कोणाचं नुकसान झालं, तिथे हसू नाही. उद्या तुमच्या सल्ल्यातलं माप चुकलं आणि एखाद्याचा मोहोर करपला, तर तिथे माफी, बागेची पाहणी, विद्यापीठातल्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांना बोलावणं आणि पुढे काय करता येईल ते लेखी देणं. त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न झाडावर असतं. फोटो चुकल्यावर हसणारी बाई माप चुकल्यावर गंभीर होते, हे लोकांना दिसलं तर दोन्हीवर त्यांचा विश्वास बसेल.

दुसरी मर्यादा तुमची स्वतःची. रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार वेगळे केले. त्यातले दोन वरवर सारखे दिसतात. एकात माणूस अडचणीतही गंमत शोधून स्वतःला सावरतो. दुसऱ्यात तो लोकांना आवडावा म्हणून स्वतःला खाली पाडत राहतो. पहिल्या प्रकारच्या माणसांचं मन जास्त निरोगी आढळलं. दुसऱ्या प्रकाराबरोबर खिन्नता आणि चिंता जास्त दिसली. तेव्हा ‘आम्हा मराठवाड्याच्या लोकांना काय कळतंय’, ‘मी आपली मठ्ठ’ असली वाक्यं तोंडातून काढू नका, लोक खूश होत असले तरी. तुमचं गाव, बोली, रंग, शरीर, बाईपण यातलं काहीही हसण्यावारी न्यायचं नाही, तुम्ही स्वतःसुद्धा. हसायचं ते केलेल्या कृतीवर. आणि ‘केसर मॅडम’च्या आडून कोणी बाईला उद्देशून घाणेरडं बोलू लागलं, मोबाइलवर काही फिरवू लागलं, तर ते खपवून घेऊ नका. ते गावचं गमतीचं टोपणनाव राहत नाही. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे, कार्यालयाची तक्रार समिती आहे, तिकडे जा. खिलाडूपणाच्या नावाखाली बायकांना फार गोष्टी गिळायला लावल्या जातात, आणि मला त्याचा खरोखर संताप येतो.

नुसतं ‘केसर मॅडम’ मात्र चालू द्या. कोकणात ज्याला टोपणनाव मिळत नाही तो अजून गावात पोचलेला नसतो. जूनमध्ये इथला हापूस संपत आलेला असेल, तेव्हा घरून केसरची एक पेटी मागवा, सहायकांना आणि दोन-चार बागायतदारांना खाऊ घाला. ते नावं ठेवतील, रेषेपासून गोडीपर्यंत सगळ्यात खोड काढतील, आणि पेटी संपवतील. त्या गजालींत तुम्हाला एरवी वर्षभर कळणार नाहीत अशा गोष्टी कळतील.

राहिला दुकानदार. त्याचं हसणं वेगळं आहे. तुम्ही कमी फवारण्या सांगता, त्याला जास्त बाटल्या विकायच्या आहेत, म्हणून तो तुमच्या टोपणनावाचा वापर करतो. असं माझं अनुमान आहे, तुम्ही ते तपासून घ्या. त्याला हसून उत्तर देऊ नका आणि त्याच्याशी भांडूही नका. दुकान तपासणीचे अधिकार खात्याकडे असतात. रागाच्या भरात ते वापरायचा मोह होईल, तो टाळा. तपासणी करायची तर सगळ्या दुकानांची, ठरल्या वेळी.

त्याला उत्तर बागेत द्यायचं. तयार असेल अशा एखाद्या बागायतदाराची थोडी कलमं घ्या. निम्म्या कलमांवर तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करा, निम्म्यांवर त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. खर्चाचा हिशेब दोन्हीकडचा लिहून ठेवा. मोहोर आल्यावर दर आठवड्याला तो पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे मोजा, सगळ्यांच्या देखत. आकडे तुमच्या बाजूने येतीलच असं नाही. नाही आले तर तेही त्याच बैठकीत वाचून दाखवा आणि कारण शोधा. मोजणीला गावातल्या चार जणांबरोबर त्या दुकानदारालाही बोलवा, आणि कागद त्याच्याच हातात द्या.